आरतीची सायकल

माईक हातात धरून पोट भरणारी माणसं दोन जातीची. एक पुढारी आणि दुसरे आम्ही निवेदक. पुढाऱ्याला पुढं काय होणार हे ठाऊक असल्यासारखं बोलावं लागतं. आम्हाला ती मुभा नाही. डोळ्यांदेखत जे घडतंय तेवढंच सांगायचं, आणि ते घडायच्या आधी तोंड उघडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मला ते अंगवळणी पडायला अर्धं आयुष्य गेलं.

मी उंब्रजचा. हायवेला लागून आमचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. थोरला भाऊ तंबू ठोकायचा, मी भोंगे बांधायचो. एका जत्रेत ठरलेला निवेदक आलाच नाही. मी भोंगा बांधून बांबूवरून खाली उतरलो तर यात्रा कमिटीतल्या कुणीतरी माझ्याच हातात माईक दिला. "बोल रं काहीतरी, लोकं उठून चाललीत." मी बोललो. त्यानंतर गळ्याच्या डॉक्टरांनी हात जोडेपर्यंत बोलतच राहिलो. कुस्त्यांची मैदानं, बैलगाडी शर्यती, कबड्डी, शाळांची स्नेहसंमेलनं. सातारा-सांगलीकडं मला सगळे आण्णा म्हणतात.

लोकांना वाटतं या कामाला आवाज लागतो. आवाज भोंग्याचा असतो. निवेदकाला लागतात कान. मैदानातल्या गर्दीचा सूर बदलला की त्याला आधी कळलं पाहिजे. एकदा कराडच्या बाजूला एका कुस्तीत निकालावरून वाद पेटला. एका गावाचं म्हणणं पाठ टेकली, दुसऱ्याचं म्हणणं नाही टेकली. दोन्हीकडची माणसं उठून आखाड्याकडं सरकायला लागली. पोलीस लांब, पंच घाबरलेले. मी माईकवर अगदी सावकाश सांगायला लागलो, "एक लहान मुलगी सापडलेली आहे. अंगात पिवळा झगा. नाव सांगत नाही, नुसती रडते आहे. आपापली मुलं जवळ आहेत का बघून घ्या." सगळं मैदान मागं वळलं. ज्याला त्याला आपलं पोर आठवलं. तेवढ्या वेळात पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोन्ही पैलवानांना हातात हात घालून फिरवलं. पिवळ्या झग्यातली मुलगी अर्थातच नव्हती. नंतर एक म्हातारी मात्र माझ्याकडं आली आणि "त्या पोरीची आई घावली का रं बाबा?" म्हणून विचारून गेली. 

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. शर्यतीतल्या एका गाडीमालकानं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आण्णा, माझं नाव नाही घेतलं तरी चालंल. बैलाचं दोनदा घ्या. त्यो ऐकतो." मी दोनदा घेतलं. बैल पहिला आला. पुढच्या वर्षी सगळ्याच मालकांची तीच मागणी.

यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की गाजलेल्या कुस्त्यांवर लिहा. कुस्त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एका बेसबॉलच्या मॅचबद्दल. आमच्या भागात हा खेळ शाळा-कॉलेजांतून बरीच वर्षं खेळतात, पण खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे सर सोडले तर तो कुणाला फारसा माहीत नसतो. मलाही नव्हता.

सांगलीच्या कदम सरांचा एक दिवस फोन आला. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त झाले तरी रोज सकाळी मुलींना घेऊन मैदानावर असायचे. म्हणाले, "आण्णा, महिला बेसबॉलची फायनल आहे. सांगलीच्या मुली विरुद्ध साताऱ्याच्या मुली. जो संघ जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाईल. निवेदनाला या."

मी म्हणालो, "सर, त्यातलं मला अक्षर कळत नाही."

"म्हणूनच बोलावतोय. कळणारा माणूस कळणाऱ्यांसाठीच बोलतो. मैदानाची मंडळी म्हणतात, या खेळाला चार डोकी जमत नाहीत, पुढच्या वर्षीपासून त्या दिवसांत जागा प्रदर्शनाला देतो. रविवारी लोक आले पाहिजेत आणि आलेल्यांना खेळ कळला पाहिजे."

लोक येतील याची तजवीज सरांनी केली होती. सांगलीच्या संघातली यष्टिरक्षक म्हणावी अशी, म्हणजे फलंदाजाच्या मागं बसून चेंडू धरणारी कॅचर, ज्योती. ती कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला होती. तिच्या कारखान्यातली आणि आजूबाजूच्या शेडमधली माणसं सुट्टीच्या दिवशी मोटरसायकली काढून आली. मैदानाच्या एका कडेला गाड्यांची रांग लागली. बरीचशी मंडळी ज्योतीला बघायला आली होती, उरलेली काय चाललंय ते बघायला.

माझ्या टेबलाला टेबल लावून शिंदे बाई बसल्या होत्या. गणिताच्या शिक्षिका. सामन्यात प्रत्येक चेंडूला काय झालं याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. मी त्यांना म्हणालो, "बाई, अडलं तर सांभाळून घ्या." त्या म्हणाल्या, "डाव चालू असताना मी कुणाशी बोलत नाही हो. चूक होते." आणि खरंच त्या बोलल्या नाहीत.

खेळ मी त्या सकाळी सरांकडून समजून घेतला तसाच लोकांना सांगितला. मैदानात एक चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणायचं. पहिला, दुसरा, तिसरा, आणि जिथून निघालो ते घर. मारणारीनं चेंडू मारायचा आणि चौकोनाला फेरी घालून घरी यायचं. घरी आलं की एक धाव. एका दमात येता आलं नाही तर मधल्या बेसवर थांबायचं आणि मागच्या मुलीनं चेंडू मारला की पुढं सरकायचं. बेसवर पाय असेल तोवर सुरक्षित. दोन बेसच्या मधे असताना कुणी चेंडूनं शिवलं की बाद, मारलेला चेंडू वरचेवर झेलला तरी बाद. तिघी बाद झाल्या की डाव संपला. असे दोन्ही बाजूंचे सात-सात डाव.

"म्हंजी आपल्या शिवाशिवीवानीच की," पुढच्या रांगेतला एक जण ओरडला.

"त्याच्यासारखंच," मी माईकवरून म्हणालो, "फक्त इथं शिवणाऱ्याच्या हातात चेंडू पायजे." लोक हसले. हसलेला माणूस थोडा वेळ तरी थांबतो.

आरतीकडं माझं लक्ष पहिल्याच डावात गेलं. आटपाडीकडची मुलगी, सांगलीत शिकायला राहिलेली. उंच, काटक, मैदानात उतरली की कुणाकडं बघायची नाही. तिनं पहिल्याच चेंडूला असा तडाखा दिला की ती दुसऱ्या बेसवर पोचली तरी चेंडू अजून परत येत होता. दुसऱ्या खेपेला तिचा चेंडू थेट मोटरसायकलींच्या रांगेत जाऊन पडला. होमरन. एका फटक्यात पूर्ण फेरी. ज्याच्या गाडीच्या टाकीला पोचा पडला तो माणूस चेंडू डोक्यावर धरून नाचत होता.

मलाही चेव आला. कुस्तीच्या मैदानातली सवय. मी सुरू केलं, "दुष्काळी मुलुखातली ही धनगराची लेक! माळरानावर मेंढरांच्या मागं धावून धावून तयार झालेले हे पाय! मेंढक्याच्या काठीनं घडवलेले हे हात!" टाळ्या पडल्या.

डाव संपल्यावर आरती पाणी प्यायला आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. "आवं आण्णा, मेंढरं माझ्या आज्यानं राखली. मी एक दिस बी गेली न्हाई. आमची डाळिंबाची बाग हाय."

"अगं, लोकांना आवडतं तसं ऐकायला."

"रोज पहाटेपास्नं सर हात सोलपटूस्तवर बॅट फिरवाय लावत्यात. ते सांगा की. ते खोटं न्हाई."

एवढं बोलून ती गेली. मी माईक घेतला आणि सांगितलं, मघाशी मी बोललो ते चुकलं, या मुलीचे हात मेंढ्यांनी नाही, रोजच्या सरावानं तयार झालेत. पहिल्या टाळ्यांपेक्षा या टाळ्या कमीच पडल्या. पण सर लांब उभे होते, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

तिसऱ्या खेपेला आरती तिसऱ्या बेसपर्यंत गेली. तेव्हा सर धावत माझ्याकडं आले. निवृत्त माणूस एवढ्या वेगानं येताना मी पाहिला नव्हता. "आण्णा, दुसरा बेस झाला, होमरन झाला, तिसरा झाला. आता फक्त पहिल्या बेसचा फटका राहिला. एकाच मॅचमध्ये एकाच खेळाडूनं चारी तऱ्हेचे फटके मारायचे, याला सायकल म्हणतात. मी इतकी वर्षं हा खेळ शिकवतोय, डोळ्यांनी एकदाही बघितली नाही."

मी हे लोकांना सांगितलं. दुहेरी झाली, तिहेरी झाली, होमरन झाला. उरली ती एकेरी, सगळ्यांत सोपी. पण आता ती एकेरीच पाहिजे. मारून पहिल्या बेसवर थांबायचं. पुढं गेली तर पुन्हा दुहेरी होईल आणि सायकल राहून जाईल.

कुपवाडकरांना सायकल हा शब्द फार आवडला. "एक पायंडल ऱ्हायलंय!" "हवा भर गं पोरी!" असं चालू झालं.

पण मॅच सांगलीच्या हातात नव्हती. साताऱ्याच्या मुली तोडीस तोड खेळत होत्या. वाईची मृणाल त्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. शांत डोक्याची. शेवटचा, सातवा डाव सांगलीनं सुरू केला तेव्हा सातारा एका धावेनं पुढं होता. आणि सांगलीच्या मुलींवर आणखी एक संकट आलेलं. आदल्या डावात कॅचिंग करताना ज्योतीचा घोटा मुरगळला होता. मैदानात नऊ जणी लागतात आणि सांगलीकडं नऊच होत्या. बाकीच्यांच्या परीक्षा चालू होत्या. बदली मुलगी नाही म्हटल्यावर ज्योतीनं घोट्याला फडकं गुंडाळलं आणि उभी राहिली.

पहिली मुलगी बाद झाली. दुसरी, रेश्मा, पहिल्या बेसवर पोचली. मग ज्योती आली. मृणालचे चार चेंडू वाईट पडले. तसं झालं की मारणारीला पहिला बेस फुकट मिळतो. ज्योती लंगडत पहिल्या बेसवर गेली, रेश्मा दुसऱ्यावर. पुढची मुलगी बाद झाली, पण तेवढ्यात या दोघी एकेक बेस पुढं सरकल्या. रेश्मा तिसऱ्यावर, ज्योती दुसऱ्यावर. दोघी बाद झालेल्या. आणि मारायला आली आरती.

साताऱ्याच्या प्रशिक्षकांनी बाहेरून हात केला. शिंदे बाईंनी पेन टेबलावर ठेवलं, एवढ्यावरूनच काहीतरी विशेष आहे हे मला कळलं. सर जवळच होते, त्यांनी हळूच सांगितलं, "तिला मुद्दाम चार वाईट चेंडू टाका म्हणताहेत. पहिला बेस मोकळाच आहे. फुकट दिला की ती मारूच शकणार नाही. मीही हेच सांगितलं असतं."

मी लोकांना सांगितलं. नियमात बसतं तेही सांगितलं.  मृणालनं आपल्या प्रशिक्षकांकडं बघितलं, मग आरतीकडं बघितलं, आणि मान हलवली. नाही.

नंतर मी तिला विचारलं होतं, तू असं का केलंस? म्हणाली, "एवढं चांगलं मारत होती ती. तिला न खेळताच सोडून दिलं असतं तर मला झोप नसती आली काका." तिचे प्रशिक्षक तिच्यावर बरेच दिवस नाराज होते असं ऐकलं. त्यांचंही चूक होतं असं मी म्हणणार नाही.

मृणालनं सरळ चेंडू टाकला. आरतीनं तो डावीकडच्या मोकळ्या जागेत मारला. जमिनीवरून, जोरात.

आता हे सगळं एवढ्या झटक्यात झालं की सावकाश सांगावं लागेल. रेश्मा तिसऱ्या बेसवरून घरी आली. बरोबरी झाली. ज्योती दुसऱ्यावरून निघाली, तिसरा बेस ओलांडला आणि घराकडं वळली. तिला घरी यायलाच हवं होतं. आणि ती पळत नव्हती, एक पाय ओढत होती. साताऱ्याच्या मुलीनं लांबून चेंडू उचलून मधे उभ्या असलेल्या आपल्या सोबतिणीकडं फेकला. त्या मुलीच्या हातात चेंडू आला तेव्हा ज्योती अर्ध्या वाटेवरही नव्हती. तिनं घराकडं चेंडू फेकला असता तर ज्योती बाद, डाव संपला, बरोबरीच्या पुढं काही नाही.

तिकडं आरती पहिल्या बेसवर पोचली होती. सगळं मैदान ओरडत होतं, "थांब! थांब!" कुपवाडची माणसं उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडत होती. कदम सर पहिल्या बेसच्या बाजूला धावत गेले होते, तेही हात पसरून ओरडत होते, थांब म्हणून. आरतीनं मान वळवून एकदा ज्योतीकडं बघितलं. आणि पहिला बेस सोडून ती दुसऱ्या बेसकडं पळत सुटली.

नुसती पळाली नाही. "ए, ए!" असं ओरडत, हात हलवत पळाली, चेंडू धरलेल्या त्या मुलीच्या अगदी डोळ्यांसमोरून.

त्या मुलीचा हात घराकडं फेकायला वर गेलेला होता. तो तिथंच थांबला. समोरून चाललेलं सोपं सावज तिला दिसलं. ती वळली आणि चेंडू दुसऱ्या बेसकडं फेकला. आरती मधेच थबकली, मागं फिरली. चेंडू पहिल्या बेसकडं आला. ती पुन्हा पुढं पळाली. दोघी मुली दोन्ही बाजूंनी चेंडू टाकत जवळ येत होत्या आणि मधे आरती, कोंडलेली, इकडून तिकडं. सुटायला वाटच नव्हती. ती सुटायचा प्रयत्न करत नव्हती, वेळ काढत होती; ती बाद व्हायच्या आत ज्योती घरी पोचली तर धाव धरली जाणार होती.

माझ्या हातात माईक होता आणि मी बोलत नव्हतो.  पण गरजही उरलेली नव्हती. माझ्या पुढ्यातला तेलकट शर्टातला एक माणूस शेजाऱ्याचं मनगट धरून त्याला सांगत होता, "आरं, तिकडं बघ, ज्योतीकडं! तिच्यासाठी पळतीया ती!" आणि "थांब" म्हणून ओरडणारं ते सगळं मैदान आता दुसऱ्याच पोरीला ओरडत होतं, "ज्योती, पळ! पळ गं!" सकाळी ज्यांना पहिला बेस कुठला आणि घर कुठलं हे माहीत नव्हतं, त्यांना माझ्याशिवाय सगळं कळलं होतं.

ज्योती घराच्या बेसवर अक्षरशः पडली. तिच्या पाठोपाठ आरतीच्या पाठीला चेंडू टेकला आणि तीही मातीत पडली. घराजवळच्या पंचांनी दोन्हीकडं डोळे लावले होते. त्यांनी आधी हात करून धाव मोजली, मग तिसरी बाद झाल्याची खूण केली.

सांगली एका धावेनं पुढं. मी भानावर आलो आणि सांगितलं, "धाव पूर्ण झाली! आरती बाद झाली. सायकल हुकली, पण सांगलीनं आघाडी घेतली." ज्या मुलीनं आरतीला बाद केलं तिनंच हात देऊन तिला उठवलं. आरती कपडे झटकत ज्योतीकडं गेली आणि तिला म्हणाली, हे ज्योतीनं मला सांगितलं, "किती हळू पळतीस गं, मरायची हुती की मी."

साताऱ्याचा शेवटचा डाव बाकी होता. त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसपर्यंत आली तेव्हा मैदानात कुणी बसलेलं नव्हतं. दोघी बाद झालेल्या. मग मृणाल मारायला आली. तिच्या बॅटला लागलेला चेंडू उंच गेला, सरळ डोक्यावर. मागं कॅचिंगला बसलेल्या ज्योतीला एक पाऊलसुद्धा पळावं लागलं नाही. तिनं मान वर केली, हात वर केले आणि चेंडू धरला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मुली एकमेकींच्या गळ्यात, सरांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न, सर नको नको म्हणताहेत. मी बक्षीस समारंभाची तयारी करत होतो. शिंदे बाई शेवटची नोंद करून, चष्मा पुसून माझ्याकडं वळल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आण्णा, तुम्ही मघाशी चुकीचं सांगितलंत. सायकल हुकली नाही."

"म्हणजे? ती तर बाद झाली."

"बाद झाली ना? कुठं? पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे. म्हणजे पहिला बेस तिनं कमावला होता. पुढचा मिळवताना बाद झाली तर मागचा फटका जात नाही. ती एकेरीच धरतात. दुसऱ्या बेसवर सुखरूप पोचली असती तर दुहेरी झाली असती आणि सायकल गेली असती."

मी दोनदा विचारून घेतलं. त्यांनी सरांना बोलावलं. सर ऐकत राहिले, आणि मग खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांचा खेळाचा माणूस, पण ज्योतीच्या धावेच्या धांदलीत हे त्यांच्याही डोक्यातून निसटलं होतं. डोळे पुसत म्हणाले, "आण्णा, सांगा. माईकवरून सांगा."

माझ्या धंद्यातलं सगळ्यांत गोड वाक्य मी त्या संध्याकाळी बोललो. "कुपवाडकर, सायकल पूर्ण झालेली आहे!" मोटरसायकलींचे हॉर्न वाजले ते थांबेचनात. आरतीला मुलींनी उचलून पुढं आणलं. ती मात्र गोंधळून सरांना विचारत होती, "पर मी आउट झाल्ते की."

समारंभ संपला. मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा पांढऱ्या टोपीतला एक माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. दिवसभर एका कडेला एकटाच बसलेला मी पाहिला होता. म्हणाला, "रामराम. मी आरतीचा वडील. तात्या म्हंत्यात. आटपाडीकडनं सकाळच्या यष्टीनं आलो." त्यांनी लेकीला खेळताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"एक इचारू का? पोरगी बाद झाली न्हवं? मग लोक नाचत्यात कशापायी?"

मी वायर खाली ठेवली. हजार माणसांना सांगणं सोपं असतं, एकाला सांगणं अवघड. टेबलावर बोटानं चौकोन काढला. चारी फटके सांगितले. ज्योतीचा पाय सांगितला. शिंदे बाईंचा नियम सांगितला.  सगळं झाल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजी ती पहिल्या ठिकाणी थांबली आसती तर तिचं झालं आसतं."

"व्हय."

"आन् पळाली म्हणून समद्यांचं झालं."

"व्हय. आणि पळून बाद झाली, म्हणून तिचंबी झालं."

तात्या मैदानाकडं वळले. मग म्हणाले, "हे तिला सांगाय नगं हुतं."

"का हो?"

"पळायच्या वक्ताला तिला वाटलं आपलं जातंय. तरी पळाली. आता तिला म्हाईत झालं, जात न्हाई. पुढच्या खेपंला इचार करून पळंल."

 तुमची लेक तशी नाही, असं काहीतरी म्हणालो असेन. त्यांनी पुन्हा रामराम घातला आणि स्टँडकडं निघून गेले. उंब्रजला घरी पोचेपर्यंत मी त्यावरच विचार करत होतो. माझं सगळं आयुष्य घडलेलं मोठ्यानं सांगण्यात गेलं. एखादी गोष्ट न सांगणं बरं, असं मला त्याआधी कुणी सुचवलं नव्हतं.

मैदान पुढच्या वर्षी मिळालं. कुपवाडच्या माणसांनी मैदानाच्या ऑफिसात जाऊन सायकलवाला खेळ परत ठेवा म्हणून सांगितलं, असं सर म्हणाले. राज्य स्पर्धेला मात्र मी जाऊ शकलो नाही, तेव्हा गळ्याचं दुखणं सुरू झालं होतं. निकालाच्या संध्याकाळी सरांनी फोन केला. सांगली हरली होती. दुसऱ्याच मॅचमध्ये.

"आरती?" मी विचारलं.

"तेच सांगायला फोन केला. शेवटचा डाव, आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर अडकलेली. आरती पहिल्यावर सुरक्षित होती. परत तेच केलं तिनं. मधे जाऊन उभी राहिली, चेंडू आपल्याकडं ओढायला बघितलं. पण त्या मुली हुशार निघाल्या. तिच्याकडं बघितलंच नाही. चेंडू घरी फेकला आणि तिसऱ्यावरून पळालेली आमची मुलगी बाद. बॅटीचा फटका नव्हता, काही नव्हतं. तिच्या नावावर नोंदायला सुद्धा काही नाही."

फोन ठेवला. थोड्या वेळानं सरांकडून तात्यांचा नंबर घेतला आणि त्यांना फोन लावला. पलीकडं बागेत औषध मारायचा पंप चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मी कोण ते सांगितलं.

"हरल्या म्हणं," तात्या म्हणाले.

"हरल्या."

"पळाली का?"

"पळाली. काही मिळणार नव्हतं तरी पळाली."

 मग तात्या म्हणाले, "बरं झालं, आण्णा. ठिवतो. औषध वाळंल." आणि पंप पुन्हा सुरू झाला.